पाटी न लावता

दिवाळीला आठवडा राहिला की हौगांगच्या ब्लॉकमध्ये लिफ्टचं दार उघडल्यावर कधी कधी नाकालाच आधी बातमी कळते. भाजणीचा खमंग वास लपत नाही. पण त्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात, तरी कुठल्या घरात चकल्या पडताहेत हे दारावरून सांगता येणार नाही. एका दाराशी चपलांचं कपाट, दुसऱ्या दाराशी तुळशीची कुंडी, तिसऱ्या दारावर चिनी नववर्षाचे लाल कागद. "घरगुती फराळ मिळेल" अशी पाटी मात्र कुठेच नाही. ती असूही शकत नाही, कारण इथे ती लावायला मनाई आहे.

सिंगापूरला आल्यावर आपल्यातली कितीतरी मंडळी घरून काही ना काही उद्योग करतात. कुणी फराळ करतं, कुणी पुरणपोळ्या, कुणी केक. कुणी ब्लाउज शिवतं, कुणी मेंदी काढतं, कुणी मुलांना गणित शिकवतं, कुणी पेटी आणि तबला. काम येत असतं, हाताला चव असते, वेळही असतो. अडतं ते एकाच ठिकाणी: लोकांना सांगायचं कसं? दारावर लिहिता येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात स्वतःच्या धंद्याचं बोलायला लागलं की समोरचा घड्याळ बघतो. आणि गप्प बसलं, तर घरच्यांशिवाय कुणालाच कळत नाही. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू तसेच राहतात, असं आपल्याकडचे म्हातारे उगाच म्हणत नसत.

आमच्या अंकाकडेही हा प्रश्न दर तीन महिन्यांनी येतो. अनारशांची कृती येते, सुरेख लिहिलेली, आणि शेवटच्या ओळीत फोन नंबर असतो. मुलांच्या अभ्यासाविषयी चांगला लेख येतो आणि मधेच "आमच्या वर्गात" असं सुरू होतं. छापावं तरी पंचाईत, कापावं तरी पंचाईत. लिहिणारी मंडळी आपलीच. त्यांची गरजही खोटी नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषयच लेखाला घेतला.

नियमात नेमकं काय आहे

हौगांगमधली बहुतेक घरं एचडीबीची. एचडीबीच्या घरातून लहान प्रमाणावर धंदा करायला बंदी नाही, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. खाद्यपदार्थ, केक, शिवणकाम, केस कापणं, ब्यूटी पार्लरची छोटी कामं, शिकवण्या, अशा गोष्टींसाठी एचडीबीची वेगळी परवानगीही काढावी लागत नाही. मात्र अटी पाळाव्या लागतात. काम घरात राहणाऱ्यांनीच करायचं, बाहेरचं माणूस कामाला ठेवायचं नाही. घर हे आधी घर राहिलं पाहिजे. मोठी यंत्रं, सामानाची सारखी ने-आण, माल मांडून ठेवणं, शेजाऱ्यांना त्रास होईल असा धूर, वास किंवा आवाज, यातलं काही चालत नाही. शिकवणी असेल तर एका वेळी जास्तीत जास्त ३ मुलं. आणि आपल्या विषयाचा नियम: घराच्या जागेत जाहिरात, पाटी किंवा पोस्टर लावायचं नाही.

खाण्याच्या वस्तू घरून विकायला सिंगापूर फूड एजन्सीचा परवाना लागत नाही. पण स्वच्छतेविषयीच्या त्यांच्या सूचना लागू होतात आणि तक्रार आली तर चौकशीही होते. घरातून केटरिंग करायला मात्र परवानगी नाही. म्हणजे दोन किलो चिवडा करून दिला तर हरकत नाही, पण मुंजीच्या पन्नास पानांचं जेवण घरच्या ओट्यावरून करून देता येणार नाही. त्यासाठी परवाना असलेलं स्वयंपाकघर हवं.

नावाचीही एक गंमत आहे. ओळखपत्रावर आहे तेच आपलं पूर्ण नाव वापरून एकट्याने धंदा केला, तर ॲक्राकडे त्याची नोंदणी करावी लागत नाही. "अमुक फूड्स" किंवा "तमुक क्लासेस" असं नाव घेतलं की नोंदणी आली. तेव्हा सुरुवातीला आपलं सरळ नाव पुष्कळ झालं. निम्म्या मंडळाला ते आधीच माहीत असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, कारण इथे चूक झाली तर ती महागात पडते. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे डिपेंडंट्स पासवर आलेल्यांना १ मे २०२१ पासून नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. धंदा करायचा तर मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवरकडून लेटर ऑफ कन्सेंट घ्यावं लागतं. ते मिळण्यासाठी धंदा नोंदलेला हवा, आपण त्याचे मालक, भागीदार, किंवा निदान ३० टक्के हिस्सा असलेले संचालक हवे, आणि एका तरी सिंगापूरकराला किंवा पीआर असलेल्या माणसाला ठरावीक पगारावर, सीपीएफ भरून, कमीत कमी तीन महिने कामावर ठेवलेलं हवं. दिवाळीच्या चार डब्यांच्या उद्योगात हे बसणं कठीण आहे. आपल्यातल्या कितीतरी शिकलेल्या, हुशार बायकांना हा नियम बोचतो, ते आम्ही रोज पाहतो. पण "एवढ्याशा फराळाचं कोण बघतंय?" असं म्हणणारी माणसं नंतर मदतीला येत नाहीत. पास कुटुंबाचा असतो, आणि त्यावर नवऱ्याची नोकरी आणि मुलांची शाळा अवलंबून असते. तेव्हा आपला पास काय म्हणतो ते आधी बघा. पुढचं सगळं ज्यांना काम करायची मोकळीक आहे त्यांच्यासाठी.

पाटीला मनाई का

नियम जाचक वाटतो, पण मजल्यावर जरा उभं राहून पाहावं. एका कॉरिडॉरवर आठ-दहा घरं. कुणी चिनी, कुणी मलय, कुणी तमिळ, कुणी आपण. कुणाच्या घरी तान्हं मूल झोपलेलं, कुणी रात्रपाळी करून आलेलं. प्रत्येक दारावर एकेक पाटी आली, गिऱ्हाईकं पत्ता शोधत सगळ्यांच्या खिडक्यांत डोकावू लागली, तर घराचा बाजार व्हायला वेळ लागणार नाही.

एके काळी इथला बाजारही रस्त्यावरच होता. शेवया विकणाऱ्याचा पोऱ्या बांबूच्या काठ्या एकमेकींवर आपटत गल्ल्यांतून फिरायचा. त्या "टॉक-टॉक" आवाजावरूनच त्या पदार्थाला टॉक-टॉक मी हे नाव पडलं. आपल्याकडच्या कल्हईवाल्याच्या आरोळीसारखीच ती जाहिरात. पुढे सरकारने फेरीवाल्यांना हॉकर सेंटरमध्ये जागा दिल्या, आणि १९८६ पर्यंत हे स्थलांतर पुरं झालं. काठ्यांचा आवाज गेला. चांगल्या हाताचे लोक मात्र राहिले, कारण आता त्यांची जाहिरात त्यांच्यासमोरची रांग करू लागली. कोवनच्या मार्केटमध्ये सकाळी गेलात तर दिसेल: कुठलं दुकान चांगलं हे पाटी वाचून कुणी ठरवत नाही, सगळे रांगेकडे बघतात.

दारावर नाही तर लिफ्टजवळ कागद चिकटवावा, असा विचार कुणाच्याही मनात येतो. तो मनातच ठेवलेला बरा. १९६६ च्या व्हँडलिझम कायद्यात लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेवर जाहिरात, पोस्टर किंवा सूचना चिकटवणं हाही गुन्हा धरला आहे. दंड २,००० डॉलरपर्यंत किंवा कैद ३ वर्षांपर्यंत होऊ शकते. ब्लॉकच्या सूचनाफलकावर काही लावायचं असेल तर आपला ब्लॉक ज्या टाऊन कौन्सिलकडे येतो, त्यांना आधी विचारावं.

पण नियम नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. मनाई घराच्या जागेवर जाहिरात लावायला आहे. काम चांगलं करायला मनाई नाही, कुणी विचारलं तर सांगायला मनाई नाही, आणि मासिकात पैसे भरून जाहिरात द्यायलाही नाही. म्हणजे तोंड बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या दाराशी ओरडू नका, एवढंच म्हटलं आहे.

झाकणावरची चिठ्ठी

आमच्या ओळखीच्या एक ताई हौगांगमध्ये राहतात. पीआर आहेत, त्यामुळे कामाची मोकळीक आहे. पहिल्या दिवाळीला त्यांनी लिफ्टजवळ एक छोटा कागद लावला होता. संध्याकाळपर्यंत तो गेला, आणि कुणीतरी तक्रारही केल्याचं कानावर आलं. ताईंना फार लागलं. "चोरी केली का मी?" असं म्हणाल्या. त्या वर्षी चार डबे गेले, तेही मैत्रिणींनीच घेतले.

पुढच्या वर्षी त्यांनी कागद लावला नाही. दिवाळीची ताटली मजल्यावरच्या सगळ्या घरांत दिली, जशी आपण गावाकडे देतो तशी. विकण्याचं अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या चिनी आंटींनी चकली खाऊन पाहिली आणि यात अंडं आहे का ते विचारलं, कारण त्यांची सून शाकाहारी. वरच्या मजल्यावरच्या मलय कुटुंबाने कशात तळली आहे ते विचारलं. या प्रश्नांमुळे ताईंना सुचलं ते एवढंच: डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी. पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, कोणत्या तेलात तळला, कधी केला, किती दिवस टिकेल, शेंगदाणे किंवा काजू आहेत का, आणि खाली स्वतःचं नाव आणि फोन. चिठ्ठीवर "अप्रतिम" नव्हतं, "अस्सल" नव्हतं, "एकदा खाल तर" वगैरेही नव्हतं.

ती चिठ्ठी ब्लॉकमध्ये कुठे लागली नाही. ती डब्याबरोबर गेली. आंटींच्या सुनेने डबा ऑफिसात नेला, तिथे तो उघडला, आणि चिठ्ठी वाचून दुसऱ्याच कुणी फोन केला. आज ताईंची निम्मी गिऱ्हाईकं मराठी नाहीत. फोन करणाऱ्याला त्या आधी विचारतात, "तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि ज्याने सांगितलं त्याला पुढच्या वेळी डब्यात चार शंकरपाळे जास्त पडतात.

आम्हाला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटलं ते म्हणजे चिठ्ठीवरची माहिती. तोंडी शिफारस करणाऱ्या माणसाला काहीतरी सांगायला लागतं. "चांगलं असतं" एवढं पुरत नाही. "अंडं नाही, पाम तेल नाही, केलेली तारीख लिहिलेली असते" हे सांगायला सोपं, आणि ऐकणाऱ्याला पटतंही. आपल्यासाठी कुणी बोलावं असं वाटत असेल, तर त्याच्या तोंडी खरा मजकूर आपणच द्यायला हवा.

खरा हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. "डायबेटिसवर गुणकारी लाडू" असं इथे म्हणता येत नाही. पदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा करायला अन्नविषयक नियमांची मनाई आहे. मुईसचं हलाल चिन्हही त्यांच्या मंजुरीशिवाय वापरता येत नाही. मलय शेजाऱ्याने विचारलं तर "मांस नाही, मद्य नाही, आमच्या घरात हे असं शिजतं" एवढं खरं सांगावं. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्याकडे हे नवीन नाही

पाटीशिवाय धंदा ही काही सिंगापूरने आपल्याला शिकवलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतल्या बायका करायच्या. खानावळ म्हणजे चाळीतली एक खोली, एक चूल आणि एक बाई. गावाहून नवा माणूस आला की त्याच्या गावचा माणूसच त्याला तिथे घेऊन जायचा आणि म्हणायचा, "मावशी, हा आपल्याकडचा आहे." तेवढ्यावर त्याचं पान वाढलं जायचं आणि पैसे पगार झाल्यावर यायचे. सांगणाऱ्याने एका परीने दोन्ही बाजूंची हमी घेतलेली असायची.

त्या खानावळीवाल्या बायकांना बँका दारात उभं करत नसत, आणि सावकार व्याजाने पिळायचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची आणि बँकेने कर्ज द्यायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, गिऱ्हाईकांचा पगारच थांबला, तेव्हा या बायकांवर काय वेळ आली असेल त्याची कल्पना करावी. प्रेमाताईंना पुढे, २००२ मध्ये, पद्मश्री मिळाली. गिऱ्हाईक आणण्यासाठी असो की कर्ज काढण्यासाठी, त्या बायकांचं भांडवल एकच होतं: दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याविषयी दिलेला शब्द.

मुंबईच्या डबेवाल्यांचंही तेच. शंभराहून जास्त वर्षं हा व्यवसाय चालू आहे. जगभरातून लोक त्यांचं काम बघायला आले ते डबा वेळेवर पोचतो म्हणून. त्यासाठी त्यांनी कुठे मोठमोठे फलक लावले नव्हते.

आणि ज्यांना आपण मोठे व्यवसाय म्हणतो, त्यांनी तर ही बंदी स्वतःवर घालून घेतली आहे. भारतात बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाने वकिलाला जाहिरात करायला, दलाल ठेवायला, घरोघरी पत्रकं पाठवायला मनाई आहे. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. डॉक्टरांसाठी २००२ चे आचारनियम आहेत. त्यांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, पण काही ठरावीक प्रसंगी वर्तमानपत्रात निवेदन देता येतं: दवाखाना सुरू करताना, पत्ता बदलल्यावर, काही दिवस बाहेरगावी जाताना आणि परत आल्यावर. "डॉक्टर अमुक परगावाहून परत आले आहेत" अशा दोन ओळी आपण सगळ्यांनी लहानपणी वाचल्या आहेत. त्या जाहिराती नव्हत्या, पण ज्याला गरज होती त्याला कळायचं ते कळायचं.

अमेरिकेत वकिलांच्या जाहिरातीवर अशीच सरसकट बंदी होती. १९७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. सरळ, खरी माहिती आणि दर लोकांना कळायला हवेत, नाहीतर ज्याला वकील ठाऊक नाही त्याने जायचं कुठे, असा त्यामागचा विचार होता. हाही मुद्दा खोटा नाही. तोंडी शिफारशीवर चालणाऱ्या जगात ज्याची ओळख नाही तो मागे पडतो. हौगांगमध्ये नवीन आलेल्या, अजून कुणाला न भेटलेल्या बाईची चकली कितीही खुसखुशीत असली, तरी तिच्याविषयी सांगणार कोण?

मंडळाच्या दाराशी

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ. मंडळ हे काही बाजार नाही, हे आपण सगळे म्हणतो. पण नव्या बाईला इथे ओळख होण्याची जागा मंडळाशिवाय दुसरी नाही, हेही आपणच म्हणतो. दोन्ही खरं आहे.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. नवीन कुटुंब गणेशोत्सवाला पहिल्यांदा येतं. कुणाला ओळखत नाही. "तुमचं गाव कुठलं?" हे कुणी विचारायच्या आत चार जणांनी चार कार्डं हातात दिली: एक विम्याचं, एक घरविक्रीचं, एक शिकवणीचं, एक फराळाचं. ते कुटुंब हसून कार्डं घेतं आणि पुढच्या कार्यक्रमाला येत नाही. चौघांनाही गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि मंडळाचं एक घर गेलं.

दुसरं चित्र. एक बाई वर्षभर प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या लावते, मुलांच्या नाटकाचे कपडे शिवून देते, आणि आपण शिवणाची कामं घेतो हे संकोचाने कुणालाच सांगत नाही. वर्षाच्या शेवटी आपण सगळे साड्यांचे ब्लाउज घेऊन लिटल इंडियाला जातो, आणि मागाहून म्हणतो, "अगं बाई, आम्हाला माहीतच नव्हतं!" दासबोधात समर्थांनी मूर्खाच्या लक्षणांमध्ये स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही बसवलं, त्याचा आपण इतका धसका घेतला आहे की साधी माहिती सांगणंसुद्धा स्तुती वाटू लागली आहे.

या दोन चित्रांच्या मधली वाट आम्हाला अशी दिसते.

विचारल्याशिवाय सांगू नये, पण विचारलं तर लाजू नये. "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं तर "काही नाही, घरीच असते" हे उत्तर खोटं आहे. "मी शिवणकाम करते" हे तीन शब्दांचं उत्तर आहे, आणि ते पुरतं.

कार्यक्रमात ज्या कामासाठी उभे आहोत तेच करावं. सूत्रसंचालकाने सूत्रसंचालन करावं, गाणाऱ्याने गावं. माईक हातात आला म्हणून वर्गाची वेळ सांगू नये. गाणं चांगलं झालं तर आयाबाया मागाहून स्वतःच येऊन विचारतात, "मुलांना शिकवता का हो?"

शिफारस करताना नातं सांगावं. "माझ्या जावेच्या पुरणपोळ्या फार छान असतात" असं मोकळेपणाने म्हटलं तर कुणाला खटकत नाही. परकं असल्यासारखं कौतुक केलं आणि मागाहून जाऊ निघाली, तर तिच्या पोळीवरचा विश्वासही जातो आणि आपल्यावरचाही.

सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा असेल त्या दिवशी तो पदार्थ म्हणूनच आणावा. लोकांना आवडला तर ते विचारतीलच. विकायचंच असेल तर आयोजकांना आधी विचारून, जागा आणि वेळ ठरवून, लागणाऱ्या परवानग्या बघून विकावं. प्रसादाच्या रांगेत विक्री नको.

आणि लेखाबद्दल आमचं म्हणणं: फोन नंबर काढून टाकल्यावरही वाचण्याजोगा राहतो तो लेख. नंबर काढल्यावर मागे काहीच उरत नाही ती जाहिरात. जाहिरात वाईट नाही, तिची जागा जाहिरातीच्या पानावर आहे आणि तिचा दर आहे. त्या पैशांवरच हा अंक निघतो, हेही आम्ही विसरलेलो नाही.

गिऱ्हाईकांनाही दोन शब्द

हे सगळं धंदा करणाऱ्यांना सांगून झालं. पण पाटी नसलेला धंदा चालतो तो गिऱ्हाईकांच्या तोंडावर, म्हणून थोडी जबाबदारी आपल्यावरही येते.

आपली माणसं म्हणून भाव पाडून मागू नये. "घरचंच तर आहे, काही कमी करा ना" हे वाक्य ज्या बाईने पहाटे चारला उठून भाजणी भाजली तिला किती लागतं, ते तिच्या तोंडावर दिसत नाही. हॉकर सेंटरमध्ये आपण नूडल्सचा भाव करत नाही. दिवाळीला डबा सांगून आदल्या दिवशी "आम्ही भारतात चाललो" म्हणून रद्द करू नये. तिने बेसन आणि काजू आधीच आणलेले असतात. ती चिडत नाही, कारण पुढच्या आठवड्यात तुम्ही मंडळात भेटणार असता.

पदार्थ बिघडला असेल तर पहिल्यांदा तिलाच सांगावं. चारचौघांत बोलून मग तिच्या कानावर जाऊ देऊ नये. लहान वस्तीत एक वाईट शब्द एका दिवाळीत धंदा बसवतो. चांगला शब्द मात्र सावकाश फिरतो, कारण चांगलं खाल्लेलं माणूस बहुतेक वेळा गप्प असतं. तेव्हा चांगलं वाटलं तर सांगा, आणि नेमकं सांगा. पण भिडेखातर खोटं कौतुकही नको. तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने डबा घेतला आणि तो निराश झाला, तर पुढच्या वेळी तुमचा खरा शब्दही चालणार नाही.

आणि जी नवीन आहे, जिला अजून कुणी ओळखत नाही, तिला आपण होऊन एकदा विचारा: "तुम्ही काय काय करता?" गिरणगावात नव्या माणसाला हाताला धरून खानावळीत नेणारा कुणीतरी होता. इथे ते काम आपल्यापैकी कुणालातरी करावं लागेल.

पुढच्या अंकापासून

आम्ही ठरवलं आहे की पुढच्या अंकापासून एक पान घरगुती उद्योगांच्या यादीसाठी ठेवायचं. हौगांग, कोवन, बुआंगकॉक, सेंगकांग आणि जिथे जिथे आपली मंडळी आहेत त्या सगळ्या भागांतून नावं मागवत आहोत. यादी विनामूल्य आहे. प्रत्येकाला एकच ओळ: नाव, काम, विभाग आणि फोन. घराचा पत्ता छापणार नाही. आपल्या पासावर हे काम करायला मोकळीक आहे याची खात्री करूनच नाव पाठवावं. जुन्यांना वर आणि नव्यांना खाली असं नाही, नावं अकारविल्हे येतील. ज्यांना एका ओळीपेक्षा जास्त लिहायचं आहे त्यांच्यासाठी जाहिरातीचं पान आहेच.

ओळीत विशेषणं नकोत. "रुचकर", "खात्रीचं", "एकमेव" आलं तर आम्ही कापू, राग मानू नये. ते शब्द तुमच्या गिऱ्हाईकांनी म्हणायचे आहेत.